बोल्सेनाचं रक्त, माझी स्लाइड आणि एक प्रबंध

मागच्या लेखात आपण सिनॉप्सिसमधला 'रिसर्च गॅप' कसा मांडायचा ते पाहिलं. पण गॅप सापडला तरी आपण विचारतोय तो प्रश्न बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं? यावर मी लॅबमध्ये बराच विचार केला होता. उत्तर मात्र मिळालं इटलीतल्या जेमतेम चार हजार वस्तीच्या एका तीर्थक्षेत्री. आज त्या गावाबद्दल आणि तिथला इतिहास वाचताना माझी जी फजिती झाली तिच्याबद्दल लिहिते. लेख थोडा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

माझी आवडती स्लाइड

मी सूक्ष्मजीवशास्त्रातली. पीएचडीचा विषय जिवाणूंपासून मिळणारी रंगद्रव्यं. त्यातलं सगळ्यात देखणं म्हणजे सेरेशिया मार्सेसेन्स या जिवाणूचा लालभडक रंग, प्रोडिजिओसिन. पेट्री डिशमध्ये पहिल्यांदा बघाल तर कुणाचं तरी बोट कापलंय असंच वाटेल. त्यामुळे कुठेही बोलायला उभी राहिले की माझी पहिली स्लाइड ठरलेली असायची: 'बोल्सेना, १२६३: चमत्कार नव्हे, जिवाणू!' लोक हसायचे, डुलक्या घेणारे जागे व्हायचे, आणि मग मी माझे ग्राफ दाखवायला मोकळी.

एकदा सेमिनारमध्ये मागच्या बाकावर बसलेल्या एका निवृत्त सरांनी हात वर केला. त्यांनी एवढंच विचारलं, "सॅम्पल कुणी गोळा केलं होतं?"

सगळे हसले, मीही हसले. उत्तर काही देता आलं नाही. तिथेच विषय संपला, पण माझ्या डोक्यातून तो प्रश्न जाईना.

पुढे एका परिषदेत पोस्टर लावायला इटलीला जायची संधी मिळाली. माझी लॅबमधली मैत्रीण वसईची, कॅथलिक. ती म्हणाली, "तुझ्या त्या स्लाइडमधल्या गावात एकदा जाऊन तरी ये. ख्रिस्तशरीराचा सण त्याच रविवारी आहे. आणि तिथे जाऊन भाषण ठोकू नकोस."

गोष्ट काय आहे

आधी गोष्ट समजून घेऊ. कॅथलिक मिस्सेमध्ये धर्मगुरू भाकर आणि द्राक्षारस अर्पण करतो. त्या भाकरीचं येशूच्या शरीरात आणि द्राक्षारसाचं रक्तात रूपांतर होतं, अशी श्रद्धा आहे. बाहेरून रूप, रंग, चव तीच राहते, आतलं तत्त्व बदलतं. १२१५ साली चौथ्या लॅटरन धर्मसभेने या रूपांतराची व्याख्या अधिकृत शब्दांत केली. शब्द अधिकृत झाले म्हणून शंका संपत नाहीत. उलट त्या काळात भल्याभल्यांना हा प्रश्न छळत होता.

असाच एक शंका घेणारा म्हणजे प्रागचा पीटर, बोहेमियातला धर्मगुरू. १२६३ साली तो रोमच्या यात्रेला निघाला. उत्तरेकडून रोमला जाणारा यात्रामार्ग बोल्सेनातून जातो. तिथल्या सांता क्रिस्तिनाच्या चर्चमध्ये त्याने मिस्सा अर्पण केली आणि त्याच्या हातातल्या भाकरीतून रक्त ठिबकू लागलं. वेदीवरचं कापड भिजलं, खालच्या संगमरवरी फरशीवर थेंब पडले. पोप चौथे अर्बन तेव्हा जवळच ऑर्विएटोला मुक्कामी होते. कापड त्यांच्याकडे नेण्यात आलं आणि दुसऱ्या वर्षी, १२६४ मध्ये, त्यांनी ख्रिस्तशरीराचा सण सगळ्या चर्चसाठी जाहीर केला. गाइडबुकात आणि माहितीफलकांवर ही गोष्ट साधारण अशीच सांगितलेली असते.

गावात

रोमहून फ्लोरेन्सकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ऑर्विएटो लागतं. तिथून डोंगर उतरत साधारण वीस किलोमीटरवर बोल्सेना. शनिवारी संध्याकाळी पोहोचले. समोर पसरलेलं मोठं तळं ही खचलेल्या ज्वालामुखीची जागा. गावात जिकडे तिकडे काळसर ज्वालामुखी दगड. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही.

या गावाची मूळ देवता, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामदैवत म्हणा, ती १२६३ च्या चमत्काराच्या कितीतरी आधीची. संत क्रिस्तिना ही रोमन काळातली कोवळी मुलगी. ती ख्रिस्ती झाली म्हणून अधिकारी असलेल्या तिच्या बापानेच तिचे हाल केले, अशी कथा आहे. गळ्यात दगड बांधून तिला तळ्यात फेकलं, तर दगड बुडायच्या ऐवजी तरंगला आणि तिला काठावर घेऊन आला. त्या दगडावर तिची पावलं उमटली. पावलं उमटलेला हा दगड आजही चर्चमधल्या एका जुन्या वेदीवर आहे. पादुकांना हात लावून नमस्कार करत मोठ्या झालेल्या मला हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

क्रिस्तिनाचा सण २४ जुलैला असतो. २३ च्या रात्री आणि २४ च्या सकाळी चौकाचौकांत लाकडी मंच उभारून तिच्या छळाचे प्रसंग दाखवतात: भट्टी, साप, बाण वगैरे. पात्रं गावातलीच. नाटकासारखे संवाद नसतात. पडदा उघडला की सगळे पुतळ्यासारखे स्तब्ध, आणि समोरून संताची मूर्ती घेऊन मिरवणूक जाते. मी गेले तेव्हा जून होता, त्यामुळे हे काही बघायला मिळालं नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. १२६३ चा चमत्कार याच पावलांच्या वेदीवर झाला असं परंपरा सांगते. म्हणजे नवी कथा कुठल्या रिकाम्या जागी नाही, आधीच पवित्र मानल्या गेलेल्या दगडावर येऊन बसली.

चमत्काराच्या फरशांसाठी वेगळं प्रार्थनागृह बांधायला घेतलं ते १६९३ साली. तिथे मी बराच वेळ उभी राहिले. संगमरवरावर तांबूस डाग. शेजारी एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून उभे होते आणि माझ्या डोक्यात चाललं होतं: ओलसर वातावरण, तापमान पंचवीस ते तीस अंश, पिष्टमय पदार्थ. म्हणजे आदर्श परिस्थिती. खरं सांगते, त्या क्षणी मला माझीच थोडी लाज वाटली.

रविवारी उजाडायच्या आत बाहेर पडले तर गल्ल्यांमध्ये अर्धं गाव गुडघ्यांवर बसलेलं. रस्त्यावर खडूने नक्षी काढलेली आणि तीत फुलांच्या पाकळ्या भरणं चालू. पेट्यांमध्ये रंगांप्रमाणे वेगळ्या केलेल्या पाकळ्या, हिरव्यासाठी बारीक केलेली पानं. एक आजी पिवळा पट्टा भरत होत्या. मी फोनवर भाषांतर करून विचारलं, "ते रक्त खरं होतं असं तुम्हाला वाटतं का?" त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग हाताने दाखवत म्हणाल्या, आमचा भाग त्या दारापासून या गटाराच्या जाळीपर्यंत. आणि पाकळ्यांची एक पेटी माझ्याकडे सरकवली.

तासभर मी पिवळ्या पाकळ्या भरत होते. पुढे मिरवणूक निघाली. छत्राखाली पवित्र भाकर घेतलेले धर्मगुरू त्या फुलांवरून चालत गेले, मागून सगळं गाव. पालखीच्या वाटेवरच्या रांगोळ्या तुम्ही पाहिल्या असतील, तर रात्रभर राबून केलेलं काम काही मिनिटांत पुसलं गेल्यावर चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या आजींनी टाळलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने तो प्रश्नच मुद्द्याचा नव्हता.

आता विज्ञान: लाल पोलेंटा

आता माझ्या बाजूचा पुरावा मांडते. १८१९ च्या उन्हाळ्यात पादुआजवळच्या लेन्यारो गावात एका शेतकऱ्याच्या घरी पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्टा, रक्तासारखा लाल झाला. घरचे घाबरले, गावात बभ्रा झाला. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधनिर्मात्याने लाल पोलेंट्याचा अंश चांगल्या पोलेंट्याला लावून, उबदार दमट जागी ठेवून तोसुद्धा लाल करून दाखवला. म्हणजे हे सजीवाचं काम होतं आणि ते एका जागेवरून दुसरीकडे पसरवता येत होतं. बिझिओला ती बुरशी वाटली. १८२३ मध्ये त्याने सेराफिनो सेराती या शास्त्रज्ञाच्या नावावरून तिला सेरेशिया नाव दिलं. मार्सेसेन्स म्हणजे कोमेजणारी, कारण रंग लवकर फिका पडतो.

१८४८ मध्ये बर्लिनला एहरेनबर्गने शिजवलेल्या बटाट्यावर हाच लाल डाग पाहिला. त्याने जुने ग्रंथ चाळून लाल झालेल्या भाकरींच्या नोंदी गोळा केल्या, अगदी सिकंदराच्या टायरच्या वेढ्यापर्यंत मागे जाऊन. आणि १९९४ मध्ये जोहाना कलन यांनी मिस्सेत वापरतात तशा भाकरीवर हा जिवाणू वाढवून रक्तासारखा रंग मिळवला. माझी स्लाइड याच शोधनिबंधावर उभी होती.

आता सरांचा प्रश्न घ्या. कलन यांच्या प्रयोगाने काय सिद्ध होतं? अशा भाकरीवर असा रंग येऊ शकतो, एवढंच. बोल्सेनात तसंच झालं, हे त्याने सिद्ध होत नाही. आणखी एक अडचण तर मी स्वतः रोज लॅबमध्ये बघते. या जिवाणूचा रंग नीट दिसायला एक-दोन दिवस लागतात. गोष्टीत मात्र रक्त मिस्सा चालू असतानाच ठिबकायला लागतं. म्हणजे जिवाणूचं स्पष्टीकरण टिकवायचं तर भाकर आधीपासून लाल होती असं धरावं लागतं, म्हणजे गोष्टीचा अर्धा भाग आपल्याला हवा तसा बदलावा लागतो. आपल्या हायपोथिसिसला सोयीचा तेवढा डेटा ठेवायचा आणि बाकीचा 'दंतकथा' म्हणून काढून टाकायचा, हे तुम्ही तुमच्या प्रबंधात केलंत तर व्हायवाला काय होईल?

तारखा एका रेषेवर मांडून बघू

मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. गोष्ट बाजूला ठेवली आणि तारखा कागदावर मांडल्या. तुम्हीही तुमच्या विषयात हे जरूर करा, फुकटातली पद्धत आहे.

१२४६: ख्रिस्तशरीराचा सण आजच्या बेल्जियममधल्या लिएज धर्मप्रांतात सुरू होतो. त्यामागे ज्युलियाना नावाच्या एका जोगिणीचे अनेक वर्षांचे प्रयत्न होते. पुढे पोप झालेले चौथे अर्बन त्या काळी लिएजमध्येच वरिष्ठ पदावर होते. म्हणजे सणाची कल्पना त्यांना बोल्सेनाच्या सतरा वर्षं आधीपासून माहीत होती.

१२६४: अर्बन यांचं सण जाहीर करणारं फर्मान निघतं. त्यात बोल्सेनाचा उल्लेख नाही. त्याच वर्षी अर्बन वारतात आणि सण थंडावतो.

१२९०: ऑर्विएटोच्या भव्य कॅथेड्रलची पायाभरणी. ते रक्ताचं कापड ठेवायला बांधलं असं सर्रास सांगतात, पण ते समर्पित आहे मेरीच्या स्वर्गारोहणाला.

१३१७: पोप बाविसावे जॉन यांच्या काळात सण खऱ्या अर्थाने सगळीकडे पसरतो.

१३३८: सिएनाचा सोनार उगोलिनो दि व्हिएरी कापडासाठी चांदी आणि मिन्याचा मोठा पेटारा पूर्ण करतो. त्यावर बोल्सेनाची गोष्ट चित्रांमधून सांगितलेली आहे. नक्की तारीख असलेला ठळक पुरावा म्हणून मी त्याच्यावर बोट ठेवू शकते. घटना आणि पुरावा यांत पंचाहत्तर वर्षांचं अंतर.

१५१२: राफाएल व्हॅटिकनच्या भिंतीवर 'बोल्सेनाची मिस्सा' रंगवतो. त्यात पोप दुसरे ज्युलियस चमत्कारासमोर गुडघे टेकून बसलेले आहेत, म्हणजे स्वतःच्या जन्मापूर्वीच्या घटनेला हजर!

फर्मानात उल्लेख नाही, म्हणून चमत्कार झालाच नाही, असा निष्कर्ष काढू नका. कागद गप्प आहे याचा अर्थ काही घडलंच नाही असा होत नाही. पण चमत्कार झाला म्हणून सण आला, हा कार्यकारणभाव मात्र डळमळतो. सणाची बीजं दुसरीकडे होती. सण पसरला आणि त्यानंतर गोष्ट चांदीत कोरली गेली, असाही क्रम शक्य आहे. आणि माझी स्लाइड? ती 'रक्त आलं' हे गृहीतच धरून चालली होती. भाविकांइतकाच माझाही त्या गोष्टीवर पूर्ण विश्वास होता, मी फक्त शेवट बदलला होता.

तेच साल, दुसरं गाव

१३३८ या सालाने मला आणखी एका गावात नेलं, कागदोपत्री. ते डॅन्यूब नदीकाठचं बव्हेरियातलं डेगेनडॉर्फ.

पवित्र भाकरीचं महत्त्व वाढत होतं त्याच काळात मध्य युरोपात एक भयंकर आरोप पसरत गेला: ज्यू लोक भाकर चोरतात, तिला टोचतात, तिची विटंबना करतात. १२९८ मध्ये रोटिंगेन गावातल्या अशाच अफवेवरून फ्रँकोनिया प्रांतभर ज्यूंच्या कत्तली झाल्या. १३३८ मध्ये डेगेनडॉर्फच्या नागरिकांनी गावातल्या ज्यूंना मारलं. थोड्याच दिवसांत ड्यूक चौदावा हाइनरिख याने त्यांना माफी दिली आणि लुटलेली मालमत्ता ठेवून घ्यायची मुभाही दिली. भाकरीची विटंबना आणि तिचे चमत्कार ही कथा त्या हत्याकांडाला नंतर चिकटली. तिच्यावर चर्च उभं राहिलं, यात्रा सुरू झाली आणि ती शतकानुशतकं भरत राहिली. अगदी विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत.

ती थांबली कशी, ते ऐका. मानफ्रेड एडर नावाच्या संशोधकाने या यात्रेवर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. कागदपत्रं क्रमाने लावून त्याने दाखवून दिलं की हत्या आधी झाली, भाकरीची कथा मागाहून आली. १९९२ मध्ये रेगेन्सबुर्गच्या बिशपांनी यात्रा कायमची बंद केली. एका पीएचडीमुळे साडेसहाशे वर्षांच्या खोट्या आरोपाचा उत्सव थांबला. 'आपला प्रबंध कोण वाचणार?' असं तुम्हाला रात्री दोन वाजता वाटलं तर हे आठवा.

आता ही दोन गावं शेजारी ठेवा. दोन्हीकडे मध्यवर्ती वस्तू तीच, पवित्र भाकर. पण बोल्सेनाच्या गोष्टीत शंका घेणारा स्वतः धर्मगुरू आहे, आपल्यातलाच माणूस. रक्त त्याची समजूत घालतं आणि तो पुढे चालू लागतो. डेगेनडॉर्फच्या गोष्टीत दोषी शेजारी आहे, आणि गोष्टीचं काम त्याच्या खुनाला न्याय्य ठरवणं हे आहे. एका गावात मला पाकळ्यांची पेटी मिळाली, दुसऱ्या गावात माणसं जाळली गेली. जिवाणू दोन्हीकडे होता असं घटकाभर मानलं, तरी हा फरक जिवाणूने समजत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबल दुसराच आहे: गोष्ट कोण सांगतंय, कुणाबद्दल, आणि त्यातून कुणाला काय मिळतंय.

एडरने 'भाकर लाल कशी झाली?' हा प्रश्न धरून बसायचं ठरवलं असतं, तर त्यालाही माझ्यासारखी छान स्लाइड मिळाली असती आणि यात्रा कदाचित चालूच राहिली असती.

तुमच्या प्रश्नाला हे विचारून बघा

सिनॉप्सिस जमा करण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली: 'असं होऊ शकतं' आणि 'असं झालं' यातलं तुम्ही नक्की काय दाखवणार आहात? दोन्ही कामं चांगली आहेत, पण शीर्षकात एक आणि निष्कर्षात दुसरं, असं नको.

दुसरी: ज्या घटनेचं स्पष्टीकरण देताय तिचा पहिला पुरावा कधीचा आहे? घटना आणि नोंद यांत किती अंतर आहे? सॅम्पल कुणी गोळा केलं?

तिसरी: तुमच्या हातातलं उपकरण बघून तर तुम्ही प्रश्न निवडला नाही ना? मला सेरेशिया येतो म्हणून मला बोल्सेनात फक्त सेरेशिया दिसला. पावलांचा दगड, जुलैतले स्तब्ध प्रसंग, गल्लीची दारापासून जाळीपर्यंतची वाटणी, हा सगळा डेटा समोर होता. माझ्याकडे त्याच्यासाठी रकाना नव्हता.

ती स्लाइड मी अजून वापरते, मथळा तेवढा बदललाय. आता त्यावर लिहिलंय: 'बोल्सेना: या लाल रंगाबद्दल आपण काय सांगू शकतो आणि काय नाही.' लोक पूर्वीइतके हसत नाहीत. मागच्या वेळी निवृत्त सर पुन्हा मागच्या बाकावर होते. त्यांनी हात वर केला नाही, पण चहाच्या वेळी येऊन १३३८ बद्दल विचारत राहिले, चहा गार होईपर्यंत.